मालगुजारीचे उमाळे पुरेत

"मालगुजार होते तवाच बरा होता जी!" नाकाडोंगरीपासून साकोलीपर्यंत कुठल्याही पारावर बसा, हे वाक्य कानावर पडल्याशिवाय चहा संपत नाही. पाऊस लांबला की ते येतं. धानाला शेवटचं पाणी मिळालं नाही की येतं. वनरक्षकानं सायकलवरची जळणाची मोळी उतरवून घेतली, तर हमखास येतं. बोलणारा बहुतेक वेळा चाळिशी-पन्नाशीचा असतो, म्हणजे त्यानं मालगुजार पाहिलेला नसतो. पाहिला होता त्याच्या आजोबांनी, आणि त्या पिढीच्या तोंडून वाड्याबद्दलचे असे उमाळे ऐकल्याचं मला आठवत नाही.

पारावरच्या माणसाचा राग समजू शकतो. त्याचं पाणी गेलंय, सरपण गेलंय, आणि दोष कुणाला द्यावा हे त्याला नीट कुणी सांगितलेलं नाही. चीड येते ती शिकल्यासवरल्यांनी हेच वाक्य उचलून त्याचा सिद्धान्त केला याची. पूर्व विदर्भातल्या मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर, काही लिहायचं-बोलायचं झालं की सुरुवात ठरलेली असते. पूर्वी गावाला धनी होता. त्यानं तलाव बांधले, पाळ राखली, गाळ काढला, जंगलाला पोटच्या पोरासारखं जपलं. मग स्वतंत्र भारताचं सरकार आलं, त्यानं एका कायद्यानं सगळं हिसकावून घेतलं आणि तलाव अनाथ झाले. तेव्हा कायद्यानं गावाचं वाटोळं केलं, हा निष्कर्ष. टाळ्या.

ज्याच्या नावानं ही बोटं मोडली जातात, तो कायदा निदान एकदा समोर ठेवू. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि राज्याची राजधानी नागपूर होती. इस्टेटी, महाल आणि दुमाला जमिनींवरचे मालकी हक्क रद्द करण्याचं विधेयक ऑक्टोबर 1949 मध्ये विधानसभेत आलं आणि एप्रिल 1950 मध्ये मंजूर झालं. राष्ट्रपतींची संमती मिळाली 22 जानेवारी 1951 रोजी. चार दिवसांनी, प्रजासत्ताकाच्या पहिल्या वाढदिवशी, 26 जानेवारी 1951 ला तो अंमलात आला आणि त्या वर्षीच्या 31 मार्चला मालगुजाऱ्या सरकारजमा झाल्या. नव्या वर्षात लागू झालेला राज्याचा एखादा कायदा गावाची घडीच बदलून टाकतो, असं आपल्या भागात क्वचित घडलं असेल. तरी शाळेच्या पुस्तकात त्याच्यावर एक परिच्छेद सापडणं मुश्कील. ज्याची माहिती नाही त्याला शिव्या घालणं मात्र सोपं.

पहिला दावा असा की तलाव मालगुजारांनी बांधले. कोणत्या मालगुजारांनी? भंडारा-गोंदियाच्या तलावांची विद्या कोहळी समाजाची. चांद्याच्या गोंड राजानं काशीहून परतताना त्यांना सोबत आणलं, अशी आख्यायिका इंग्रजांनीही नोंदवून ठेवली आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एवढं निर्विवाद आहे की यातले कितीतरी तलाव इंग्रज येण्याच्या आधीचे आहेत. आणि जमिनीची मालकी असलेला मालगुजार? तो इंग्रजांनी घडवला. भोसल्यांच्या काळात गावचा पाटील सारा गोळा करून भरायचा. गाव त्याच्या मालकीचं नव्हतं. 1853 मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि त्यानंतरच्या बंदोबस्तात इंग्रज सरकारनं या सारा भरणाऱ्यांना कागदावर मालक करून टाकलं. म्हणजे 1951 साली जी मालकी गेली तिचं वय नव्वदच्या आत-बाहेर होतं. जी मालकी सरकारच्या सहीनं आली, ती सरकारच्या सहीनं गेली, तर त्यात अनादि काळापासूनचा कोणता वारसा बुडाला?

काही तलाव मालगुजारांनी बांधले, हे कबूल. पुष्कळ मालगुजार स्वतः कोहळी होते, हेही कबूल. पण "बांधले" म्हणजे नेमकं काय केलं? पाळीवर माती कुणी टाकली? पाटीनं माती वाहणाऱ्या बाईचं नाव कुठल्या तलावाला आहे? जुन्या तलावाच्या पाळीत दगडी तुडुम असतो. त्यात एकाखाली एक भोकं, प्रत्येक भोकाला लाकडी डाट. तलाव भरलेला असताना वरचा डाट काढायचा. पाणी उतरलं की त्याखालचा. दिवाळीच्या सुमाराला, धान पोटरीवर असताना, छातीभर गार पाण्यात उतरून बुडी मारायची आणि हातानं चाचपून तो डाट उपसायचा. हे काम वाड्यातला माणूस करत नव्हता. कोणत्या बांधीला आधी पाणी, कोणत्या बांधीला नंतर, याचा हिशेब डोक्यात ठेवणारा, पाटाच्या कडेनं रात्रभर कंदील घेऊन फिरणारा, सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, पाणी निघालं की गावाला उठवणारा, हे सगळे गावकरीच होते. गाव राबलं, विद्याही गावाचीच होती. मालगुजाराचं होतं ते नाव, आणि आज आपण नेमकं नावच तेवढं लक्षात ठेवलंय.

पण निगा तर त्यांनीच राखली ना, हा पुढचा प्रश्न येतो. राखली, का राखली तेही सांगा. तलावाखालची सगळ्यात चांगली जमीन कुणाची होती? मालगुजाराची सीर, म्हणजे त्याची घरची शेती. पाळ फुटली तर आधी कुणाचा धान वाहून जाणार? त्याचाच. त्यात परोपकार शोधायला भाबडेपणा लागतो. आणि ही निगा इतकी रामबाण होती, तर 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मध्य प्रांतातल्या या तलावांच्या मुलखानंही उपासमार का पाहिली? धनी होते, तलाव होते, पाळी होत्या. माणसं तरी मेली. ज्यांना मालगुजारी म्हणजे रामराज्य वाटतं, त्यांनी त्या सालांचे सरकारी दुष्काळी अहवाल चाळावेत. झोप उडेल.

तिसरी ओरड लुबाडणुकीची: सरकारनं लुबाडलं हो! कुणाला? कायद्यानं मालगुजाराची घरची शेती, म्हणजे सीर आणि खुदकाश्त, त्याच्याकडेच ठेवली. वाडा ठेवला. त्याच्या वहितीच्या जमिनीतल्या खाजगी विहिरी आणि तलावही ठेवले. जे गेलं त्यासाठी निव्वळ उत्पन्नाच्या दहापट भरपाई दिली आणि लहान मालगुजारांना वर पुनर्वसनाची मदत. आजच्या काळात कालव्याच्या भूसंपादनात जमीन गेलेल्या शेतकऱ्यानं ही यादी वाचली तर तो म्हणेल, असली लुबाडणूक माझीही करा. अहेरीच्या जमीनदारांसह अनेक मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं 1952 मध्ये कायदा उचलून धरला. त्याआधीच, 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं, नवव्या परिशिष्टात जे पहिले तेरा कायदे घातले गेले, त्यांत हाही होता.

आता जंगल जपण्याची गोष्ट. विधेयक येणार याची कुणकुण लागल्यापासून सरकारजमा होण्याच्या दिवसापर्यंत मालकांच्या हातात काही वर्षं होती. पोटच्या पोरासारखं जंगल जपणाऱ्यांनी त्या काळात काय केलं, हे कोर्टाच्या निकालपत्रांत छापून पडलंय. शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य हे प्रकरण घ्या. पंढरपूर जमीनदारीच्या मालकानं 26 एप्रिल 1948 रोजी स्वतःच्या पत्नीच्या नावे एक दस्त केला. किंमत 26 हजार रुपये. त्या बदल्यात इमारती लाकूड, जळाऊ लाकूड, बांबू, सगळं तोडून नेण्याचा हक्क 1960 सालच्या अखेरपर्यंत. दस्त नोंदणीकृतसुद्धा नव्हता. सरकारनं तोड अडवली तेव्हा मूलभूत हक्कांची ढाल पुढे करून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1958 मध्ये तिथे ते टिकलं नाही. तेंदूपत्त्याचंही तेच. विडीवाल्या व्यापाऱ्यांनी जुन्या मालकांशी आधीच लांब मुदतीचे करार करून ठेवले होते आणि मालकी गेल्यावरही पानं आम्हीच तोडणार म्हणून ते कोर्टात उभे राहिले. सुरुवातीला त्यांची सरशी झाली. पुढे 1959 च्या महादेव विरुद्ध मुंबई राज्य या निकालानं ते हक्क बुडाले. या सगळ्या कज्ज्यांत एक पक्ष जुना मालक किंवा त्याचा ठेकेदार, दुसरा पक्ष सरकार. पान तोडणारी बाई, बांबू विणणारा बुरूड, सरपण वेचणारं गाव यांच्यापैकी कुणीही त्यात पक्षकार नव्हतं. हाच होता तो सुवर्णकाळ.

नाकाडोंगरीकडे बघून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तुमसर तालुक्याच्या या उत्तर टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेलगत, मँगनीजचा पट्टा आहे. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या खाणींची नावं देशभर माहीत आहेत. गावाचे धनी म्हणवणाऱ्यांचा या खनिजावर हक्क होता का? नव्हता. इंग्रजांनी मालकी वाटताना खनिज स्वतःकडे राखून ठेवलं होतं. धन्याला सारा वसूल करायची मुभा, आणि जमिनीच्या पोटातलं धन इंग्रजी कंपनीला. असला धनी, आणि त्याच्यासाठी आपण आजही उसासे टाकायचे?

मग तलाव गाळानं का भरले? पाळीवर बेशरमाची झुडपं का माजली? प्रश्न खरा आहे, आणि तो टाळून मला हा लेख संपवायचा नाही. पण त्याचं उत्तर उमाळेवाल्यांना परवडणारं नाही.

1951 च्या कायद्यानं मालगुजाराकडून मालकी काढली, इथवर तो शंभर टक्के बरोबर होता. चूक पुढच्या पावलात झाली. मालकी वाड्यातून निघाली ती गावात न थांबता थेट सरकारात गेली. तलाव आधी महसुलाचा, मग पाटबंधाऱ्याचा. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे विभागाकडे. मासेमारीचा लिलाव आणखी वेगळ्या टेबलावर. जंगल वन खात्याचं. तुडुमाचा डाट कधी काढायचा हे ज्याला ठाऊक होतं त्याचं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही. जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत शेतकऱ्याला तलावाचं पाणी फुकट घेण्याची वहिवाट लिहिलेली. खात्याला दुरुस्तीच्या बदल्यात पाणीपट्टी हवी. शेतकरी म्हणाला, हक्काच्या पाण्याचे पैसे कसले? खातं म्हणालं, पैसे नाहीत तर दुरुस्ती नाही. या भांडणात गाळ मात्र वेळेवर साचत राहिला.

म्हणजे कायदा फार पुढे गेला म्हणून तलाव बिघडले, असं म्हणायला आधार नाही. तो अर्ध्यात थांबला म्हणून बिघडले. वाड्याची मालकी गेली. मालकी करण्याची सवय सरकारनं उचलली. पूर्वी हुजरा हटकायचा, आता वनरक्षक हटकतो. पारावरच्या माणसाला हे दुसरं दुखणं रोज भोगावं लागतं आणि पहिलं कुणी पाहिलेलं नाही, म्हणून त्याला पहिलं गोड वाटतं.

झुडपी जंगलाची कथा तर याहून चीड आणणारी. मालगुजारी गेली तेव्हा गावच्या पडीक, मुरमाड, चराईच्या जमिनी कागदावर 'झुडपी जंगल' म्हणून चढल्या. त्यांवर गुरं चरत, गोठाण असे, मसणवट असे. पुढे शाळा उठल्या, घरं उठली, सरकारी कार्यालयंसुद्धा उठली. 1980 मध्ये वन संवर्धन कायदा आला आणि या जमिनीचा तुकडा गावाच्या कामाला घ्यायचा तर दिल्लीची परवानगी लागू लागली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या 86,409 हेक्टरचा हा घोळ अखेर सर्वोच्च न्यायालयात गेला. 22 मे 2025 रोजी निकाल आला की झुडपी जंगल हे जंगलच. 12 डिसेंबर 1996 पर्यंत दिलेल्या जमिनींना एकवेळची सवलत, आणि जंगलाला न लागलेले तीन हेक्टरांच्या आतले तुटक तुकडे संरक्षित वन. पंचाहत्तर वर्षांपूर्वी एका तलाठ्यानं रकाना भरला आणि त्याची निस्तरणी आज त्याच्या पणतूच्या वयाची पोरं करताहेत. या सगळ्यात मालगुजार परत आणून काय साधणार आहे? त्या जमिनी तेव्हाही गावाच्या वापराच्या होत्या आणि गावाच्या मालकीच्या नव्हत्या. आजही तेच. मधल्या मालकाची फक्त पाटी बदलली.

इथे उमाळेवाले शेवटचा पत्ता काढतात: गावाला दिलं तर गाव सांभाळणार आहे थोडंच? दारू, पार्टीबाजी, भाऊबंदकी. एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. गंमत बघा. जे गाव मालगुजाराच्या काळात पाळ बांधत होतं, पाट काढत होतं, पाण्याच्या पाळ्या ठरवत होतं, ते यांच्या मते मालकाच्या धाकानंच करत होतं. धाक गेला की तीच माणसं नालायक. हा विचार मालगुजारांनी स्वतः केला असता तर समजू शकलो असतो. ज्यांच्या आज्यापणज्यांनी वेठ केली त्यांच्या नातवांनी तो करावा? आणि पुरावा तर उलटा आहे. याच भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवरांच्या मच्छीमार संस्थांना सोबत घेऊन जुने तलाव जिवंत करायचं काम केलं. बेशरम उपटली, तळातल्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, देशी मासे सोडले. जाळं टाकणाऱ्याला तळ्याच्या तळाचं जे कळतं ते अंदाजपत्रकात येत नाही. गडचिरोलीत मेंढा-लेखानं 2011 मध्ये स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यानं विकला. तिथे कुणी मालगुजार बसवलेला नाही.

आणि कायद्यानं गाव बुडतं म्हणणाऱ्यांनी दुसरा एक कायदाही वाचावा. हा केंद्राचा. वनहक्क कायदा 31 डिसेंबर 2007 ला अंमलात आला आणि त्याचे नियम दुसऱ्याच दिवशी, 1 जानेवारी 2008 ला निघाले. त्याच्या कलम 3 मध्ये निस्ताराचा, म्हणजे गावानं जंगल-पाणी आपल्या गरजेपुरतं वापरण्याचा, सामूहिक हक्क, त्याला कोणत्याही नावानं ओळखलं जात असो, नोंदवलाय. संस्थानं, जमीनदारी आणि तसल्या मधल्या राजवटींत तो जसा वापरला जात होता, तसा धरून. पाण्यातल्या माशांवरचा, चराईवरचा हक्कही त्यात आहे. 1951 च्या कायद्यानं जे पाऊल टाकायचं राहून गेलं ते इथे कागदावर तरी टाकलंय. यातही सरकारनं खोच मारलीच: आदिवासी नसलेल्या वननिवासींनी 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवायचा. म्हणजे 1930 सालचा पुरावा आणा. तो कुणाच्या दप्तरात? मालगुजारीच्या! ज्या राजवटीनं कुळाला कागद दिला नाही, तिच्याच कागदावर नातवाचा हक्क अडकवायचा, ही बदमाशी मला डोळ्यांआड करता येत नाही. पण दप्तर आहे. वाजिब-उल-अर्ज आहे, निस्तार पत्रक आहे. पाणी कुठून घ्यायचं, वाट कुठून जाते, मासे कुणी धरायचे, सरपण किती आणायचं, गुरं कुठे चारायची, हे गावागावाचं लिहिलेलं आहे. विदर्भासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 161 पासून निस्तार पत्रकाची तरतूद आजही उभी आहे. जिल्हाधिकाऱ्यानं ते गावात प्रसिद्ध करायचं, रहिवाशांची इच्छा विचारायची आणि मग अंतिम करायचं. त्यातली नोंद बदलून हवी असेल तर ग्रामपंचायत कधीही मागणी करू शकते. नाकाडोंगरी परिसरातल्या किती ग्रामपंचायतींनी आपलं निस्तार पत्रक शेवटचं कधी उघडून पाहिलंय? मालगुजाराच्या दयाळूपणाच्या कथा पाठ आहेत. त्याच्याच काळात गावानं लिहून घेतलेला हक्क मात्र कुणाला सांगता येत नाही.

मालगुजारी गेली ते उत्तम झालं. उशिराच गेली. तिच्या जागी खातं आलं ते वाईट झालं, आणि त्या खात्याचा राग मालगुजाराच्या आठवणीत बुडवून टाकणं म्हणजे खात्याला सुटका देणं. तलाठी, वनपाल, पाटबंधाऱ्याचा अभियंता, यांच्यापैकी कुणालाच "मालगुजार होते तवाच बरा होता" या वाक्याची धास्ती नाही. उलट त्यांना ते आवडतं. त्यात त्यांच्याकडे काहीच मागितलेलं नसतं. त्यांना धास्ती आहे ती गटक्रमांकासह लिहिलेल्या अर्जाची: आमच्या गावाचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची प्रमाणित नक्कल द्या, तलावाचा सामूहिक दावा ग्रामसभेपुढे ठेवा, दावा नामंजूर करत असाल तर कारण लिहून द्या. असे अर्ज तालुक्यातल्या प्रत्येक गावातून एकाच महिन्यात गेले पाहिजेत, आणि त्यांची पोच घेतल्याशिवाय कुणी कचेरीतून उठता कामा नये.